सत्काराची शाल

गावाचं नाव सांगत नाही, आणि सांगून उपयोगही नाही. अर्विंगच्या आसपास, डॅलसच्या पोटात अशी गावं ढिगानं पडली आहेत. तेच विटांचे बंगले, तीच कातरलेली हिरवळ, तीच कोपऱ्यावरची डोनटची दुकानं. ह्या गावात हॅरल्सन रोड नावाचा एक रस्ता आहे. अलीकडे रेणूचं घर, पलीकडे बाग. मधल्या चार लेनमधून गाड्या सुसाट जायच्या, आणि त्यांना थांबवायला एक पट्ट्यापट्ट्यांचं क्रॉसिंग होतं. खांबावर बटण. ते दाबलं की लाल दिवा लागायचा, ट्रक असो नाहीतर टेस्ला, मुकाट्यानं थांबायचा आणि माणूस पलीकडे जायचा.

ह्या बटणावर रेणूच्या आईचा, सुलेखाबाईंचा, सगळा संसार चालला होता. हसू नका. अमेरिकेत ज्याला गाडी चालवता येत नाही त्याची अवस्था घरातल्या कपाटासारखी असते. कोणी हलवलं तर हलायचं. सुलेखाबाई नागपूरला जन्मभर शाळेत भूगोल शिकवून रिटायर झालेल्या. नवरा गेल्यापासून दर वर्षी गणपतीच्या आधी लेकीकडे यायच्या ते संक्रांत करून परत जायच्या. दिवसभर घरात त्या एकट्या. रेणू ऑफिसात, जावई संजीव ऑफिसात, नात अनिका शाळेत. ऊन कललं की बाई पायांत बूट, अंगावर सुती साडी, हातात काठी अशा निघायच्या, बटण दाबायच्या आणि रस्ता ओलांडून बागेतल्या पेकानच्या झाडाखाली जाऊन बसायच्या. तिथं पुण्याचे राजीवकाका असायचे, मुंबईच्या नैनाकाकू असायच्या, तेलुगूशिवाय धड काही न येणारे राव अंकल असायचे. राव अंकलना मराठी येत नव्हतं, बाईंना तेलुगू येत नव्हतं, आणि दोघांचं हिंदी ऐकून हिंदीवाल्यानं कानावर हात ठेवले असते. पण दोघं तासभर बोलायचे. अंधार पडला की पुन्हा बटण, पुन्हा लाल दिवा, आणि बाई घरी. घरी आल्यावर चेहरा असा की जणू सीताबर्डीच्या बाजारात फेरफटका मारून आल्या.

त्या क्रॉसिंगवर सिटी कौन्सिलचा डोळा गेला.

घरी एक कार्ड आलं पोस्टानं. हॅरल्सन रोड सहा लेनचा होणार. क्रॉसिंग काढणार. ज्याला ओलांडायचं असेल त्यानं पुढच्या मोठ्या सिग्नलपर्यंत जावं, म्हणजे मैलभर जाणं आणि मैलभर येणं. आणि कारण काय? तर म्हणे ह्या क्रॉसिंगचा वापर जवळपास शून्य आहे. रेणूनं रात्रीची भांडी तशीच टाकली आणि सिटीच्या वेबसाइटवर जाऊन तो रिपोर्ट उघडला. कन्सल्टंट कंपनीनं कॅमेरा लावून माणसं मोजली होती. कधी? ऑगस्टात. भर दुपारी. टेक्ससमध्ये!

"अरे मेल्यांनो," रेणू स्वयंपाकघरातच ओरडली, "ऑगस्टच्या दुपारी तिथं सरडासुद्धा रस्ता ओलांडत नाही रे!"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ह्याला म्हणतात उंटावरून शेळ्या हाकणं. एसीत बसून कॅमेऱ्यात बघायचं आणि लिहायचं की इथं माणूसच नाही. संध्याकाळी येऊन एकदा उभे राहिले असते तर पेकानच्या झाडाखाली अख्खा हिंदुस्थान बसलेला दिसला असता.

सुलेखाबाईंनी चष्मा लावून ते कार्ड दोनदा वाचलं. इंग्रजी त्यांना चांगलं वाचता यायचं, बोलायच्या मात्र नाहीत. मग कार्ड फ्रिजवर मॅग्नेटखाली लावलं आणि शांतपणे म्हणाल्या, "मग मी पुढच्या वर्षीपासून येत नाही ग."

"काही काय बोलतेस आई!"

"काय चुकलं? चार भिंतींत बसायला नागपुरात भिंती कमी आहेत का बाप्पा? तिथं निदान माझ्या स्वतःच्या आहेत."

रेणूला हे हसण्यावारी नेता येईना. कारण आई म्हणाली म्हणजे म्हणाली. आणि नागपुरात त्या भिंतींमागे आता कोण होतं? कोणी नाही. वर्षातले पाच महिने आई डोळ्यांसमोर असते, एवढ्या एका गोष्टीवर रेणूनं ही परदेशाची नोकरी निभावली होती. तेवढंही आता एका खांबावर येऊन ठेपलं.

"कौन्सिलमध्ये जाऊन बोलते मी," तिनं संजीवला सांगितलं.

संजीव माणूस वाईट नाही, पण घाबरट. "यार रेणू, आपण व्हिसावर आहोत. कशाला पंगा घेतेस? वकिलानं काय सांगितलंय? रेकॉर्ड क्लीन ठेवा."

"घराचा टॅक्स घेताना विचारतात का व्हिसा कुठला आहे ते?"

"तसं नाही ग. आपल्याला व्होट नाही. आपलं कोण ऐकणार?"

हे मात्र खरं होतं, आणि खरं असल्यामुळेच जास्त झोंबलं. चौदा वर्षं झाली ग्रीन कार्डाच्या रांगेत. घर घेतलं, पोरगी इथं जन्मली, रस्त्याच्या डांबराचे पैसे टॅक्समधून दिले; पण तो रस्ता कसा असावा ह्यावर बोलायची चोरी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय! ह्या चौदा वर्षांत रेणूला पार्किंगचं साधं तिकीटसुद्धा मिळालं नव्हतं. पोलिसाची गाडी मागे दिसली की ती श्वास रोखून ड्राइव्ह करायची. अशी बाई कौन्सिलमध्ये जाऊन भांडणार होती.

तेवढ्यात मध्ये पडला राजेश.

राजेश म्हणजे मराठी मंडळाचा प्रेसिडेंट. मूळचा पुण्याचा, ते तो विसरू देत नाही. रेणूनं मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रिपोर्ट टाकला तेव्हा शंभर लोकांनी अंगठे दाखवले, आठ-दहा जणांनी रागाचे लाल चेहरे टाकले, आणि कोणीही "मी येतो" म्हटलं नाही. राजेशनं मात्र फोन केला.

"रेणू, हे बघ. भांडून काही मिळत नाही. इथं रिलेशन लागतं, रिलेशन. आपल्या भागाचा कौन्सिल मेंबर आहे ना, ब्रायस कॅल्डर, त्याला गणपतीला चीफ गेस्ट म्हणून बोलावतो. मस्त सत्कार करू. माणूस खूश झाला की मग हळूच विषय काढू."

कौन्सिल मेंबर म्हणजे आपल्याकडचा नगरसेवक. आपल्याकडे नगरसेवकाला हार घातला की निदान गल्लीतला दिवा तरी लागतो. इथं काय होईल ह्याचा विचार कोणी केलाच नाही. रेणूनंही नाही. तिला वाटलं, चला, ओळख झाली तर बरंच आहे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण तेव्हा कुठं कळतं?

गणपतीत शाळेचा हॉल भाड्यानं घेतला होता. ढोल वाजत होते, पुरणपोळीचे डबे येत होते, आणि ब्रायस कॅल्डर कुर्ता घालून आला. उंच, गोरापान, दात असे पांढरे की नजर तिथंच जावी. बरोबर सिटीची एक तरुण मुलगी, आणि तिच्या हातात एक मोठा बोर्ड. त्यावर नव्या हॅरल्सन रोडचं चित्र. चित्रात झाडं होती, सायकलवाला होता, हसणारं कुटुंब होतं. फक्त क्रॉसिंग नव्हतं. मुलीनं बोर्ड हॉलच्या दाराबाहेर उन्हात उभा केला आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात गोल स्टिकर द्यायला लागली. आवडलं तर हिरवा, नाही आवडलं तर लाल.

आता सांगा, गणपतीच्या दारात, पाहुण्याच्या तोंडासमोर, घामाघूम झालेल्या त्या पोरीच्या हातून घेऊन कोण मराठी माणूस लाल लावील? "बिचारी उन्हात उभी आहे," नैनाकाकू म्हणाल्या आणि हिरवा लावून आल्या. राजीवकाकांनी चष्मा नव्हता म्हणून हिरवा लावला. राजेश तर व्हॉलंटियर्सना सांगत फिरत होता, "हिरवा लावा रे सगळे, गेस्टला वाईट नको वाटायला." अर्ध्या तासात बोर्ड हिरवागार झाला.

मग स्टेजवर सत्कार. औक्षणाला ज्येष्ठ म्हणून सुलेखाबाईंना बोलावलं. त्यांनी ताम्हणातल्या निरांजनानं ब्रायस कॅल्डरला ओवाळलं, कुंकू लावलं. रेणूनं त्याच्या खांद्यावर शाल घातली. चांगली मरून रंगाची, जरीच्या काठाची, सुलेखाबाईंनीच नागपूरहून आणलेली. नारळ हातात दिला तेव्हा त्यानं विचारलं, "हा मी आता फोडायचा का?" सगळे हसले. फोटो निघाले. हळूच काढायचा विषय राजेशनं काढलाच नाही. रेणूनं विचारलं तर म्हणाला, "आज नको ग, आज सण आहे. नेक्स्ट मीटिंगला."

नेक्स्ट मीटिंग म्हणजे थेट कौन्सिलची जाहीर सुनावणी.

ऑक्टोबरातला मंगळवार. रेणू ऑफिसातून लवकर निघाली. बरोबर आई. संजीव आला नाही. त्याचा म्हणे कॉल होता. मंडळातून राजेश एकटा आला होता, तोही पहिल्या रांगेत कॅल्डरच्या असिस्टंटशेजारी. बोलायचं असेल तर दाराशी नाव द्यायचं होतं. रेणूनं स्वतःचं नाव दिलं. मागून आई म्हणाली, "माझंही दे."

"आई, तू काय बोलणार?"

"ते मी बघते. तू नाव दे."

सिटीच्या इंजिनियरनं पडद्यावर स्लाइड लावायला सुरुवात केली. आकडे, नकाशे, बाण. मग एक स्लाइड आली, वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: लोकसहभाग. आणि खाली फोटो. ब्रायस कॅल्डर कुर्त्यात, खांद्यावर मरून शाल, शेजारी रेणू हसत शालीचं टोक नीट करते आहे, आणि समोर ताम्हण धरून सुलेखाबाई. फोटोच्या बाजूला तो हिरवागार बोर्ड. इंजिनियर म्हणाला, भारतीय समाजात ह्या प्रकल्पाचं अत्यंत उत्साहानं स्वागत झालं आहे.

रेणूला आधी कळेचना. मग कळलं तसं तिच्या कानशिलांवर घण बसायला लागले. घरात पाहुणा बोलावला, त्याला ओवाळलं, आणि ह्या माणसानं त्या ओवाळण्याची पावती करून इथं लावली! तिनं पहिल्या रांगेत पाहिलं. राजेश फोटोत आपण कुठं दिसतो ते बघत होता.

कॅल्डर माईकवर आला. "ह्या लोकांचं प्रेम मी विसरणार नाही. ही शाल मी माझ्या ऑफिसात भिंतीवर फ्रेम करून लावली आहे."

रेणूचं नाव पुकारलं. तिनं घरी तयारी केली होती, इंग्रजीत, मुद्देसूद, नम्र. ती पोडियमवर गेली आणि त्यातलं एक वाक्य आठवेना. "तो फोटो," ती म्हणाली, "तो फोटो सपोर्टचा नाही. वुई वर जस्ट बीइंग पोलाइट." तिनं दुपारच्या मोजणीचं सांगितलं, ऑगस्टचं सांगितलं. मेयर मान हलवत होता आणि कागद चाळत होता. वेळ संपला, लाल दिवा लागला. ह्या सभागृहात लाल दिवा तेवढा बरोबर लागत होता.

मग सुलेखाबाई उठल्या. काठी टेकत पोडियमपाशी आल्या. माईक त्यांच्या कपाळाच्या वर होता, रेणूनं तो वाकवला.

मेयरनं विचारलं, "ह्या आपल्या शहराच्या रेसिडेंट आहेत का?"

रेणू गडबडली. "त्या... शी इज व्हिजिटिंग. माझ्याकडे. म्हणजे..."

मेयरनं शेजारी पाहिलं. शेजारी सिटी सेक्रेटरी बसली होती, पांढऱ्या केसांची, कडक चेहऱ्याची. ती म्हणाली, "बोलायला कोणीही बोलू शकतं, मेयर. आणि भाषांतर करून बोलणाऱ्याला दुप्पट वेळ द्यावा लागतो. स्टेटचा कायदा आहे." त्या सभागृहात कायदा माहीत असलेलं एवढं एकच माणूस निघालं.

सुलेखाबाईंनी वर्गात आल्यासारखी सगळ्यांवर नजर फिरवली. आणि मराठीत सुरुवात केली.

"मी जन्मभर भूगोल शिकवला. पोरांना पहिल्यांदा सांगायची, नकाशावर रेघ ओढायच्या आधी तिथं कोण राहतं ते बघून या. तुम्ही गेला नाहीत. उद्या मी दुपारी बारा वाजता तुमच्या अंगणात डोकावले आणि कोणी दिसलं नाही, तर ह्या घरात कोणी राहत नाही, पाडून टाका, असं म्हणू का?"

रेणूनं भाषांतर केलं. अडखळत, साखर घालून. "माझ्या आईला असं वाटतं, की कदाचित मोजणीची वेळ..."

"ए," सुलेखाबाई म्हणाल्या, "मला सगळं समजतं. मी म्हटलं ते सांग. तुझं नको घालूस."

पाठीमागे कोणीतरी हसलं. रेणूचे कान तापले, पण तिच्या आत काहीतरी सरळ झालं. तिनं पुन्हा सांगितलं, जसंच्या तसं, अंगणासकट. मेयरनं कागद चाळणं थांबवलं.

"त्या फोटोत ओवाळते आहे ती मी," आई पुढे बोलत होती आणि आता रेणू प्रत्येक शब्द त्याच धारेनं इंग्रजीत टाकत होती. "दारात आलेल्याला आम्ही ओवाळतो. तो कोण आहे, चोर आहे का साव आहे, हे त्या दिवशी विचारत नाही. ती हिरवी टिकली आम्ही लावली, कारण ती पोरगी उन्हात उभी होती आणि तिला नाही म्हणणं आम्हाला बरं वाटलं नाही. आमची भीड होती ती. तुम्ही तिला आमची संमती म्हणता? लाज वाटली पाहिजे."

"मॅम," मेयर म्हणाला.

"अजून माझा वेळ आहे," सुलेखाबाई त्याच्याकडे न बघता म्हणाल्या. मग काठी उचलून तिचं टोक त्यांनी कॅल्डरच्या दिशेनं केलं. "ह्यांनी शाल भिंतीवर लावली म्हणे. शाल भिंतीला घालत नाहीत. आमच्यात ती दोनदा घालतात. माणसानं मोठं काम केलं तर त्याच्या खांद्यावर, आणि माणूस गेला तर त्याच्या अंगावर. ह्यांनी काही काम केलेलं मला दिसत नाही. म्हणून माझी शाल मला परत द्या. तो दिवा काढल्यावर आमच्यातलं कोणी त्या रस्त्यावर गाडीखाली गेलं, तर ती लागेल मला."

रेणूनं शेवटचं वाक्य सांगितलं तेव्हा तिचा स्वतःचाच आवाज तिला ओळखू आला नाही. कॅल्डरचे पांढरे दात पहिल्यांदाच झाकले गेले. सुलेखाबाई वळून काठी टेकत आपल्या जागेवर जाऊन बसल्या आणि पर्समधून बडीशेप काढून तोंडात टाकली.

आणि मग मतदान झालं. पाच विरुद्ध दोन. प्रकल्प मंजूर. कॅल्डरनं "आय हिअर यू, आय रिअली डू" असं हात छातीवर ठेवून सांगितलं, आणि होकाराचं बटण दाबलं.

पार्किंगमध्ये राजेशनं गाठलं. "रेणू, काय केलंस हे? सगळं रिलेशन पाण्यात घातलंस. काकूंना आवरायचं ना जरा!"

"कसलं रिलेशन रे?" रेणूचा बांध फुटला. "माझ्या आईच्या हातचं कुंकू त्यानं त्या पडद्यावर विकलं, आणि तू फोटोत आपलं तोंड शोधत होतास! शंभर लोक आहेत तुझ्या ग्रुपवर. एकानं येऊन उभं राहायचं होतं. एकानं! स्वतः उभं राहायचं नाही, दुसऱ्यालाही राहू द्यायचं नाही, आणि त्याला रिलेशन म्हणायचं. जा, घरी जाऊन अंगठा टाक."

घरी आल्यावर सगळं ऐकून अनिका खांदे उडवून म्हणाली, "मॉम, यू गाइज लिटरली थ्रू हिम अ पार्टी." बारा वर्षांची पोर, पण बोलली ते खोटं नव्हतं. संजीव फोनमध्येच डोकं घालून बसला.

आठवड्यानं दाराशी खोका आला. आत टिश्यू पेपरात गुंडाळलेली मरून शाल, ड्रायक्लीन करून, कडक घडी घातलेली. वर छापील कार्ड: आपल्या संस्कृतीविषयी नितांत आदर राखून, ब्रायस कॅल्डर. रेणूला वाटलं तो खोका तसाच उचलावा आणि त्याच्या कपाळावर नेऊन आपटावा. दोन गोष्टी मागितल्या होत्या, दिवा आणि शाल. स्वस्तातली होती ती त्यानं परत केली. वर आदर!

सुलेखाबाईंनी मात्र शाल नीट झटकली, उन्हात टाकली आणि कपाटात ठेवली. जानेवारीचं तिकीट काढून झालं होतं. परतीचंच, पुन्हा यायचं नाही.

डिसेंबरात एका दुपारी नारिंगी ट्रक आला. माणसांनी खांब कापला, बटणासकट ट्रकमध्ये टाकला, पांढरे पट्टे यंत्रानं खरवडून काढले. सहा लेनचं काम नव्या वर्षात सुरू होणार होतं. पण दिवा तेवढा आधी काढला. तशी घाई ह्यांना बरोबर जमते.

त्या संध्याकाळी रेणू ऑफिसातून हॅरल्सन रोडनंच येत होती. लांबूनच तिला दिसलं. जिथं खांब होता तिथं फूटपाथच्या काठावर आई उभी होती. अंगावर सुती साडी, पायांत बूट, आणि खांद्यांवरून घट्ट लपेटलेली ती मरून शाल. समोर, खांब कापायच्या आधीच बागेत गेलेले आणि आता घरी परतायला निघालेले राव अंकल, नैनाकाकू आणि राजीवकाका पलीकडच्या काठावर अडकले होते. आई त्यांना आणायला निघाली होती. तिनं हात वर केला होता, आणि एकही गाडी थांबत नव्हती. एक पिकअप हॉर्न वाजवत तिच्यासमोरून गेला तेव्हा शालीचं टोक वाऱ्यानं उडालं. तिनं ते पुन्हा खांद्यावर घेतलं आणि एक पाऊल खाली रस्त्यावर टाकलं.

"आई!" रेणू काचेच्या आत किंचाळली.

पुढे काय केलं ते तिनं ठरवून केलं नाही. तिनं ब्रेक दाबला, स्टिअरिंग गरकन फिरवलं आणि गाडी आपल्या बाजूच्या दोन्ही लेनवर आडवी लावून टाकली. लुकलुकणारे हॅझर्ड लाइट लावले. मागे टायर किंचाळले, हॉर्न सुरू झाले, कोणीतरी खिडकीतून घाणेरडी शिवी दिली. रेणू गळ्यात ऑफिसचं कार्ड लोंबकळत असतानाच खाली उतरली, धावत पलीकडच्या दोन लेनमध्ये गेली आणि दोन्ही हात पसरून उभी राहिली. समोरून एक पांढरी एसयूव्ही आली. रेणू हलली नाही. एसयूव्ही हातभर अंतरावर थांबली. तिच्यामागे आणखी एक थांबली. मग सगळा रस्ता थांबला.

"चल आई," रेणू ओरडली. "सावकाश चल. घाई करू नकोस."

सुलेखाबाई निघाल्या. काठी टेकत, शाल सावरत, जिथं पट्टे होते बरोबर त्याच जागेवरून. पलीकडे गेल्या, राव अंकलचा हात धरला, आणि चौघं म्हातारी माणसं परत निघाली. नैनाकाकू रडत होत्या. राजीवकाका थांबलेल्या गाड्यांना नमस्कार करत होते. "काहून नमस्कार करता त्यांना?" सुलेखाबाई म्हणाल्या. "चला."

ती अलीकडे पोचतात न पोचतात तोच सायरन वाजला. निळे-लाल दिवे आडव्या गाडीपाशी येऊन थांबले. पोलीस उतरला, तरुण होता. त्यानं आधी गाडीकडे पाहिलं, मग काठावर उभ्या म्हाताऱ्यांकडे, मग रेणूकडे. रेणूच्या डोळ्यांसमोरून चौदा वर्षं गेली, वकील गेला, क्लीन रेकॉर्ड गेलं. ती येऊन आईशेजारी उभी राहिली.

"ही गाडी तुमची आहे का, मॅम?"

"माझी आहे."

"तुम्ही इथं राहता का?"

आईनं शालीतून हात बाहेर काढून लेकीच्या पाठीवर ठेवला.

"हो," रेणू म्हणाली. "मी इथं राहते. ह्याच रस्त्यावर. आणि तिकीट आजचं द्या, उद्याचंही लिहून ठेवा, कारण उद्या संध्याकाळी मी पुन्हा इथंच गाडी लावणार आहे."